मरून टोपी उतरवावी, पंख ठेवावेत

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी एकोणिसाव्या वर्षी पॅराशूट रेजिमेंटमध्ये जवान म्हणून भरती झालो, प्रोबेशन, म्हणजे निवडीची खडतर कसोटी, पार करून छत्रीधारी सैनिकांची मरून टोपी मिळवली आणि आग्र्याला पॅराशूटच्या उड्या पूर्ण करून छातीवर पंखांचा बिल्ला लावला. पुढे जवानांतून अधिकारी घडवणाऱ्या आर्मी कॅडेट कॉलेजसाठी निवड झाली, डेहराडूनचे प्रशिक्षण संपले आणि यंदा जूनमध्ये मी लेफ्टनंट झालो; मात्र कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाले ते सैन्याची रसद सांभाळणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. नव्या युनिटमधले एक वरिष्ठ म्हणाले, ‘आता पंखही काढून ठेव, इथे त्यांचे काय काम?’ उलट वडिलांचा आग्रह आहे की, गावात होणाऱ्या सत्काराला मी मरून टोपी घालूनच यावे, कारण ती मी मागून आणलेली नाही, कमावलेली आहे. धाकटा भाऊ भरतीची तयारी करतो; ती टोपी निदान मला दे, असे तो म्हणतो. जे कमावले ते काम बदलल्यावर अंगावरून उतरवायचे का? – एक लेफ्टनंट, सातारा जिल्हा

प्रिय लेफ्टनंट,

सर्वप्रथम तुमचे मनापासून अभिनंदन. शिपायाच्या रांगेतून उठून, वयाच्या विशीत पुन्हा विद्यार्थी होऊन, अधिकाऱ्याचा तारा खांद्यावर आणणे किती कष्टाचे असते हे सैनिकी घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी सरळ देतो आणि मग त्यामागची कारणे मांडतो. मरून टोपी, पॅराशूट रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरचे शोल्डर टायटल (रेजिमेंटच्या नावाची पट्टी) आणि डोरी ही चारही उतरवावीत, आणि ती गावच्या सत्कारापुरतीसुद्धा पुन्हा चढवू नयेत. पंख मात्र काढू नयेत. पदकांच्या फितींचा तर प्रश्नच येत नाही. जवान म्हणून मिळालेली पदके अधिकारी झाल्यावरही तुमचीच असतात.

वर्दीवरच्या सगळ्या खुणा आपण एकाच अभिमानाने पाहतो, म्हणून त्या सगळ्या एकच गोष्ट सांगतात असा समज होतो. प्रत्यक्षात काही खुणा ‘या माणसाने हे केले आहे’ एवढेच सांगतात आणि काही ‘हा माणूस आज यांच्यातला आहे’ असे सांगतात. पहिल्या प्रकारची खूण एका पूर्ण झालेल्या गोष्टीची नोंद असते आणि पूर्ण झालेली गोष्ट बदलीने, बढतीने किंवा कोअर बदलल्याने अपूर्ण होत नाही. दुसऱ्या प्रकारची खूण चालू नात्याची असते. ते नाते जिथे संपते तिथे तिचा अधिकारही संपतो, आणि यात माणसाची किंमत कमी होण्याचा काही संबंध नसतो.

पंख हे पहिल्या प्रकारचे आहेत. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या, त्यांत एक रात्रीची, पूर्ण केल्याशिवाय ते कोणालाही मिळत नाहीत, आणि ‘कोणालाही’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. महेंद्रसिंह धोनी यांना लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा २०११ साली मिळाला. पंख मात्र त्यांना २०१५ साली आग्र्याला जाऊन पाच उड्या पुऱ्या केल्यानंतरच मिळाले. हुद्दा सन्मान म्हणून देता येतो, उडी सन्मान म्हणून देता येत नाही. तुम्ही विमानाच्या दारातून ज्या पाच वेळा बाहेर पडलात, त्या वेळी तुमच्या दंडावर कोणत्या फिती होत्या आणि आज तुम्ही कोणत्या कोअरचे अधिकारी आहात, याने त्या उड्यांत काहीच फरक पडत नाही.

म्हणून तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे मला पटत नाही. त्यांचा हेतू वाईट असेल असे मात्र मी गृहीत धरत नाही. नव्या युनिटमध्ये आलेला तरुण अधिकारी आपल्या जुन्या पलटणीतच मनाने राहू नये, अशी त्यांना काळजी वाटत असावी आणि ती काळजी रास्त आहे. तरीही त्यासाठी पंख उतरवणे हा उपाय नव्हे. त्यांच्याशी वाद घालू नका. आधी एक कागदी काम पुरे करून घ्या. तुमचा पॅरा कोर्स जवान असताना पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सेवेच्या अधिकृत नोंदींत, नोंदला गेला असणार, पण ती नोंद तुमच्या जुन्या रेकॉर्ड ऑफिसकडे आहे आणि कमिशननंतर तुमचा सेवा क्रमांक व तुमची कागदपत्रे दोन्ही बदलली आहेत. ती नोंद अधिकारी म्हणून असलेल्या तुमच्या कागदपत्रांत आली आहे का, हे युनिटचे प्रशासन पाहणाऱ्या ॲडज्युटंटकडे जाऊन पाहा आणि आली नसेल तर जुन्या युनिटच्या प्रमाणपत्रासह रीतसर अर्ज करा. नोंद हातात असली की ‘मला पंखांचा अभिमान आहे’ असे म्हणण्याची गरज उरत नाही. ‘साहेब, नोंद आहे, नियमाप्रमाणे लावले आहेत’ एवढे वाक्य पुरते. पंख ज्या पोशाखावर, ज्या जागी आणि ज्या आकारात लावण्याची परवानगी आहे तसेच लावा. बाजारात मिळणारे मोठे, चकचकीत पंख पाहिले की मला वाईट वाटते, कारण खऱ्या पंखांना त्या चकाकीची गरज नसते.

आता मरून टोपीकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली खरी वेदना तिथे आहे. ती तुम्ही कमावली हे वडिलांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. परंतु प्रोबेशन पार करून तुम्ही जे कमावले ते हवाई छत्रीधारी सैनिकांमध्ये उभे राहण्याचे स्थान होते आणि टोपी त्या स्थानाची खूण होती. ती केवळ पायदळाची किंवा एकट्या पॅराशूट रेजिमेंटचीही खूण नाही, हे तुम्हाला आग्र्यात दिसलेच असेल. कोरियाच्या युद्धात मार्च १९५१ मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सच्या तुकडीने अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नी येथे उडी घेतली. ते सारे वैद्यकीय कोअरचे लोक होते. हातात शस्त्रक्रियेची हत्यारे असलेल्या त्या डॉक्टरांचा मरून टोपीवर पूर्ण हक्क होता, कारण त्या घडीला ते छत्रीधारी दलात सेवा करीत होते. टोपी कोणाची याचे उत्तर असे आजच्या सेवेवरून मिळते. तुम्ही आज त्या दलात नाही, म्हणून ती आज तुमची नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी, कारण वडील कदाचित तिचाच दाखला देतील. नेमणूक बदलणे वेगळे आणि रेजिमेंट बदलणे वेगळे. आपल्याच साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमान अधिकारी होते. पण ते मूळचे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे अधिकारी होते आणि अखेरपर्यंत त्याच पलटणीचे राहिले. राष्ट्रीय रायफल्समध्ये अधिकारी आणि जवान आपापल्या रेजिमेंटांतून ठरावीक काळासाठी येतात आणि परत जातात, त्यामुळे मूळ नाते तुटत नाही. तुमचे तसे झालेले नाही. कमिशनबरोबर तुम्ही दुसऱ्या घरात रीतसर गेला आहात, आणि त्या घराचा बिल्ला तुमच्या टोपीवर आहे.

सुभेदार साहेबांना समजावताना मी असतो तर त्यांच्याच रेजिमेंटचा इतिहास पुढे ठेवला असता. इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेणारे आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे, माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे हे मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनचे. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, हीच बटालियन छत्रीधारी झाली आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती २ पॅरा (मराठा) म्हणून तिच्यात दाखल झाली. अख्ख्या पलटणीने टोपी बदलली, बिल्ला बदलला, रेजिमेंटचे केंद्र बदलले. घाडग्यांचा पराक्रम त्यामुळे कुठेही गेला नाही. तो त्या पलटणीचाही राहिला आणि मराठा रेजिमेंटचाही. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी तिथल्या टांगाइलजवळ, पुंगली पुलाच्या परिसरात जी पलटण आकाशातून उतरली ती हीच. पुढे १९९६ मध्ये २१ मराठा लाइट इन्फन्ट्रीचेही असेच रूपांतर झाले आणि तिची २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली; महाडिक साहेबांची पलटण ती. १९७९ साली निरनिराळ्या जुन्या रेजिमेंटांच्या पलटणी एकत्र आणून मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभारली गेली, जिचे केंद्र आज अहिल्यानगरला आहे, तेव्हाही पिढ्यान्‌पिढ्यांचे बिल्ले शेकडो माणसांनी एकदम उतरवले. त्या दिवशी कित्येक सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. तरीही जुना बिल्ला मनाला आवडतो म्हणून नव्या वर्दीवर कोणी ठेवला नाही, आणि त्यांनी तसे केले नाही म्हणूनच नव्या रेजिमेंटांना स्वतःचे नाव मिळवता आले.

हा नियम खालच्या हुद्द्यांपुरता आहे असेही समजू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीय भूदलात ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, खांद्यावरचे हुद्द्याचे बिल्ले, कॉलरवरच्या पट्ट्या, पट्टा आणि बूट हे सारे समान, आणि रेजिमेंटची डोरी नाही. ज्या अधिकाऱ्याने पंचवीस-तीस वर्षे एका रेजिमेंटची टोपी घातली, तो ब्रिगेडियर होताच ती उतरवतो, कारण त्या पदावरून त्याला अनेक रेजिमेंटांच्या जवानांना आज्ञा द्यायची असते आणि त्यांतल्या एकाही जवानाला ‘साहेब आपले नाहीत’ असे वाटू नये, हा त्यामागचा विचार आहे. या निर्णयावर निवृत्त अधिकाऱ्यांत मतभेद झाले आणि रेजिमेंटचा अभिमान हीच आपल्या पायदळाची ताकद आहे हा त्यांचा मुद्दा हलका नाही. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो.

तुमचीही गोष्ट, लहान प्रमाणावर, तशीच आहे. तुमच्या हाताखाली जे जवान आले आहेत ते चालक आहेत, भांडारी आहेत, कदाचित खेचरांच्या तुकडीतले आहेत. हिवाळ्यात रस्ते बंद होण्याआधी लडाखच्या चौक्यांवर महिनोन्‌महिन्यांचे अन्न आणि इंधन पोहोचवण्याची जबाबदारी या कोअरची असते. नवा साहेब आला की जवान पहिल्याच रोल कॉलला त्याची वर्दी वाचतो. त्यावर त्याला पंख दिसले तर तो मनात म्हणेल की साहेब धाडसाचे आहेत, आणि त्यात त्यालाही आनंदच आहे. परंतु तुमच्या डोक्यावर दुसऱ्या दलाची टोपी दिसली, तर तो असे म्हणेल की साहेबांना आमची टोपी घालायची लाज वाटते. ही भावना एकदा जवानाच्या मनात बसली की पुढे कितीही चांगले वागलात तरी ती निघता निघत नाही.

परदेशातही हा प्रश्न याच रेषेवर सुटलेला दिसतो. अमेरिकन भूदलात पायदळाच्या सैनिकाला प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याबद्दल मिळणारा बिल्ला १९४३ पासून आहे आणि तो सैनिक पुढे कारकून झाला, वैमानिक झाला तरी तो बिल्ला त्याचाच राहतो; पण पायदळाची म्हणून खांद्यावर असणारी निळी डोरी पायदळ सोडले की काढावी लागते. त्यांची आणखी एक पद्धत मला फार आवडते. डाव्या बाहीवर सध्याच्या तुकडीचे चिन्ह, आणि ज्या तुकडीबरोबर युद्धात सेवा केली तिचे चिन्ह उजव्या बाहीवर, अशी तिथे सोय आहे. जुन्या सोबत्यांना वर्दीवर मान्य जागा मिळते आणि आजच्या युनिटची जागाही कोणी अडवत नाही. आपल्याकडे अशी सोय झाली तर तुमच्यासारख्या अनेकांच्या मनाची ओढाताण कमी होईल असे मला वाटते. परंतु ती होईपर्यंत आपापल्या मनाने ती करून घेणे बरोबर नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी वर छापलेले नाही, पण त्याचे उत्तर देतो. तुम्ही लिहिले आहे की, ‘छत्रीधारी होतो आणि आता रेशन मोजतो’, असे एका जुन्या मित्राने तुम्हाला ऐकवले. हे बोलणे मनाला लावून घेऊ नका. आर्मी सर्व्हिस कोअर दरवर्षी ८ डिसेंबरला आपला स्थापना दिन साजरा करते आणि आपली परंपरा १७६० पर्यंत नेते. मराठा रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, म्हणजे जंगी पलटण, १७६८ सालची. हे वडिलांना अवश्य सांगा. जुन्या सुभेदाराला सन आणि परंपरा यांची भाषा लगेच समजते. शिवाय ज्या छत्रीधारी तुकडीला विमानातून खाली सोडले जाते तिला दारूगोळा, अन्न आणि पाणीही वरूनच सोडावे लागते, आणि विमानातून रसद टाकण्याचे काम याच कोअरकडे आहे. जमिनीवर उतरलेला जवान पहिल्या काही तासांत कशाची वाट पाहतो हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे. रसदीच्या अधिकाऱ्याकडे ही जाणीव असणे किती मोलाचे आहे, हे तुमच्या त्या मित्राला एखाद्या सरावात कळेल.

धाकट्या भावाला टोपी देण्याबद्दल माझे मत अगदी स्पष्ट आहे : घरात पाहायला द्या, घालायला देऊ नका. सैनिक नसलेल्या माणसाने, आपण सैनिक आहोत असे इतरांना वाटावे या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भावाचा तसा हेतू नसेल हे मला मान्य आहे. पण आजकाल एक छायाचित्र काढले की ते गावभर फिरते आणि पाहणाऱ्याला हेतू दिसत नाही. ज्या मुलाला उद्या भरतीच्या मैदानात उभे राहायचे आहे त्याने आदल्या वर्षी नको ते बालंट अंगावर घेऊ नये. त्याहून मोठी गोष्ट अशी की, जी टोपी मिळवायला तुम्ही प्रोबेशनमध्ये रक्त आटवले ती त्याला आयती मिळाली, तर ती मिळवण्याची त्याची भूक कमी होईल. त्याला तुमच्या प्रोबेशनच्या गोष्टी सांगा, पहाटे त्याच्याबरोबर धावा, पाठीवर वजन घेऊन चालायची सवय लावा. टोपीपेक्षा याचा त्याला जास्त उपयोग होईल.

सत्काराला वर्दीत जायचे असेल तर आधी युनिटची परवानगी घ्या आणि सर्व्हिस कोअरच्या पूर्ण, नीटनेटक्या वर्दीत जा : डोक्यावर कोअरची गडद निळी टोपी, तिच्यावर कोअरचा बिल्ला, छातीवर पंख आणि मिळाल्या असतील त्या फिती. सूत्रसंचालकाला तुमचा परिचय आधीच लिहून द्या आणि त्यात ‘पॅराशूट रेजिमेंटमध्ये जवान म्हणून सेवा केली’ हे वाक्य ठळकपणे असू द्या. गावाला तुमचा सारा प्रवास कळावा ही वडिलांची इच्छा पूर्णपणे योग्य आहे. ती बोलून पुरी करता येते, त्यासाठी चुकीची टोपी घालावी लागत नाही. जवानातून अधिकारी झालेला माणूस समोर उभा आहे, एवढ्यानेच त्या मैदानातल्या दहा-वीस मुलांचे आयुष्य बदलू शकते. ती मुले पुढे सैन्यात जातील तेव्हा त्यांना बिल्ले ओळखता येऊ लागतील, आणि त्या दिवशी साहेबांनी घातलेली वर्दी बरोबर होती हे त्यांना आठवले पाहिजे.

राहिली ती मरून टोपीची ओढ. तिच्यासाठी एक सरळ मार्ग उघडा आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, याचे मला आश्चर्य वाटले. छत्रीधारी ब्रिगेडला पायदळाखेरीज स्वतःचा तोफखाना असतो, इंजिनिअर असतात, त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची ४११ पॅराशूट फील्ड कंपनी आहे, डॉक्टर असतात आणि रसद सांभाळणारे सर्व्हिस कोअरचे लोकही असतात. हे सारे आपापल्या कोअरचे राहूनच, स्वेच्छेने पुढे येऊन आणि कसोटीला उतरून, त्या दलात सेवा करतात. आधी कोअरचे प्राथमिक कोर्स चांगल्या श्रेणीत पूर्ण करा, सध्याच्या युनिटमध्ये मन लावून काम करा, शरीर होते तसेच राखा, आणि योग्य वेळ आली की कमान अधिकाऱ्यांमार्फत पॅरा सेवेसाठी स्वेच्छा अर्ज द्या. त्या अर्जात जुन्या पंखांचा उल्लेख करा, पण त्यांच्या जोरावर सवलत मागू नका. अधिकारी म्हणून जी कसोटी द्यावी लागेल ती नव्या उमेदवारासारखी द्या. अर्ज करण्यापूर्वी ज्या वरिष्ठांनी तुम्हाला पंख काढायला सांगितले त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोला, कारण तुमच्या अर्जावर शिफारस लिहिताना त्यांचे मत बहुधा विचारले जाईल.